अन्नदात्याच्या पेशी

"जेवलास का रे?"

संध्याकाळी उन्हं कलली की आई दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची, ओले हात झटकायची आणि गल्लीच्या टोकाला खेळणाऱ्या पोरांमधून नेमकं आपलं पोर हुडकून हाक टाकायची. आवाज असा, की चेंडूनेही हवेत क्षणभर थांबून ऐकावं. आणि तो, शेजारच्या शिंपीणकाकूंच्या घरून नुकताच पोट टम्म फुगेस्तोवर जेवून बाहेर पडलेला, गुडघ्याची धूळ झाडत तिकडून ओरडायचा, "नाही गं!"

नाही म्हणावंच लागायचं. हो म्हटलं तर आईचं तोंड एवढंसं होईल, अशी त्याची पक्की समजूत. मग ती आत जायची, शेगडी पेटायची, भांडी वाजायची आणि त्या वाजण्यावर तिचं गाणं चढायचं.

निघाली गं पानं वाऱ्याच्या पाठोपाठ,
त्यांना कोण विचारी, कुठली गं वाट?

पाटावर दुसऱ्यांदा जेवायला बसलेला तो एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलायचा, डोळ्यांत पाणी आलं तर तिखट लागलं म्हणायचा, आणि वर आणखी थोडं मागून घ्यायचा. मायेचं ओझं असं पोटात पेलायला तो फार लवकर शिकला.

आता त्याच्या कपाळावरचे केस मागे हटू लागले होते, आणि तो पगार घेऊन पेशींना जेवू घालत होता.

तो काम करायचा त्या संस्थेत प्रथिनं बनत. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची फौज असते, शरीराची राखण करणारी. शत्रू दिसला की त्यातली एक दुसरीला निरोप धाडते, "बायांनो, वाढा, पुष्कळ व्हा!" हा निरोप म्हणजे एक इवलंसं प्रथिन. ते कसं घडवायचं याची कृती माणसाच्या जनुकात असते. ती कृती उचलून साध्या जिवाणूंच्या पोटात नेऊन ठेवायची, त्यांना ऊब आणि खाणं द्यायचं, की ते बिचारे आपलं काय नि परक्याचं काय, न बघता माणसाचं प्रथिन घडवायला लागतात. मग जिवाणू फोडायचे, प्रथिन निवडून काढायचं, स्वच्छ करायचं, गोठवून वाळवायचं. एवढ्या सगळ्या उस्तवारीनंतर करंगळीएवढ्या कुपीच्या तळाशी उरतो एक पांढरा पापुद्रा, शिंकलं तर उडून जाईल असा. कुपीवर चिठ्ठी लागते, 'फक्त संशोधनासाठी', आणि ती दूरदूरच्या प्रयोगशाळांकडे रवाना होते.

ही उस्तवार वरच्या मजल्यावर त्याची बायको करायची. आणि तिने केलेलं प्रथिन खरंच काम करतं की नुसतंच कुपीत बसून आहे, हे खालच्या मजल्यावर तो ठरवायचा.

ठरवायची रीत मोठी मजेची. त्याच्याकडे काही पेशी होत्या, मुळात उंदराच्या, पण खाण्याच्या बाबतीत महाहट्टी. माणसाचं हे एकच प्रथिन मिळालं तर त्या जगणार, वाढणार. नाही मिळालं तर बाकी पंचपक्वान्नं वाढली तरी तोंड फिरवून मरणार. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांना त्या प्रथिनावाचून उपाशी ठेवायचं. मग ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत त्यांना बसवायचं आणि डावीकडून उजवीकडे प्रथिन कमी कमी करत वाढायचं. अगदी शेवटच्या खळग्यांत प्रथिन नाहीच. तिथे नुसतं कोरं, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळवतात ते द्रावण. ते कोरंही वरच्याच मजल्यावरून यायचं, म्हणजे तुलना चोख होते. शेवटी निळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात, मेलेल्या करत नाहीत. प्रथिन चांगलं असेल तर ताटलीत पहाट उलटी उगवल्यासारखी दिसते. डावीकडे गुलाबी, मग जांभळट, आणि शेवटी निळी रात्र.

या पेशी तो जिवापाड सांभाळायचा. रजेच्या दिवशीही येऊन त्यांचं खाणं बदलायचा. त्या ज्या चपट्या बाटलीत वाढायच्या तो फ्लास्क उचलताना हळूच म्हणायचा, "झालं हं, झालं." सगळी संस्था त्याला अन्नदाता म्हणायची, आणि त्याला ते आवडायचं. उपाशी ठेवायच्या दिवशी मात्र अन्नदात्याचा चेहरा असा व्हायचा, की वरचे लोक जिन्यातूनच ओळखायचे, उद्या चाचणी आहे.

नेमकी या वेळी चाचणीच रुसून बसली.

ताटलीत डावीकडे गुलाबी दिसलं. मध्ये गुलाबी दिसलं. आणि जिथे निळं दिसायला हवं त्या कोऱ्याच्या खळग्यांतही फिकट, लाजरं, पण गुलाबीच.

"हे कसं?" मॅडमनी विचारलं. संस्था त्याच चालवत. चष्मा कपाळावर चढवायची सवय, आणि तो चढला की समोरच्याला घाम फुटायचा.

"कोऱ्यात प्रथिन उतरलंय," तो म्हणाला. "कोरं कोरं नाही."

"म्हणजे वरची भांडी नीट धुतली जात नाहीत."

हे वाक्य तो बोलला नव्हता. पण ते त्याच्याच वाक्याच्या पोटातून निघालं होतं, आणि वाक्याच्या शेवटी त्याची बायको उभी होती, हातमोजे घातलेली.

त्या दिवशी घरी तोंडं दोन दिशांना होती. मध्ये आई. वडील गेल्यावर ती यांच्याकडेच राहायला आली होती, आणि आल्या दिवसापासून तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. सुनेने हात लावायला जावं तर म्हणायची, "राहू दे गं, तू दिवसभर दमतेस." सकाळी दोघांचे डबे, संध्याकाळी गरम जेवण, आणि मधे फोन, "जेवलात का?"

"काय झालंय?" भाजी वाढताना तिने विचारलं.

"तुमच्या मुलाने माझी भांडी घाण ठरवली," बायको म्हणाली.

"मी असं म्हणालो नाही!"

"नाही, तू फक्त म्हणालास की कोरं कोरं नाही. मग ते काय आपोआप उष्टं झालं?"

आईचा डाव हवेतच थांबला. "हिची भांडी? अरे, ही माझी धुतलेली भांडी परत धुते! मी बोलत नाही, पण मला दिसतं ना!"

सून लाजली. "आई, ते सवयीने हो..."

"असू दे, असू दे. पण तू रे, बायकोला नापास करून घरी जेवायला येतोस? लाज नाही वाटत? घे, अजून थोडी घे."

आईचं असंच. रागावली तरी वाढायची.

पुढचे काही दिवस बायकोने वरचा मजला डोक्यावर घेतला. काच न् काच घासली, नळ्या बदलल्या, नवं कोरं बनवलं, तेही नव्या बाटलीत, आणि खाली आणून त्याच्या टेबलावर असं ठेवलं, की जणू अग्निपरीक्षेलाच बसवलं. तिनं ते ठेवलं नि तो काही बोलायच्या आत जिना चढून गेली.

पुन्हा गुलाबी. या वेळी तर आधीपेक्षा टवटवीत.

मॅडमनी दोघांना बोलावलं. चष्मा कपाळावर होता. "हे बघा, माझं कुणाशी वाकडं नाही. पण चाचणीत जे उतरत नाही ते मी विकू शकत नाही. गिऱ्हाइकं किती दिवस वाट बघतील? पुढच्या ताटलीत निळं दिसलं नाही, तर हे प्रथिन आपण बंद करू. आणि वरच्या खोलीत दुसरं काम सुरू करू." मग बायकोकडे बघून, जरा खालच्या आवाजात, "तुम्हाला पॅकिंगकडे घेता येईल."

पॅकिंग! जिने त्या प्रथिनाला गुठळ्या न होऊ देता घडी घालायला शिकवलं होतं, थंड खोलीत स्वेटर घालून त्याच्या उशाशी बसली होती, आजारी पोराजवळ बसावं तशी, तिने आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. ती तडक बाहेर पडली. जिन्यात मात्र थांबली.

"एक विचारू?"

"विचार."

"तू प्रत्येक वेळी माझ्या कोऱ्याला विचारतोस, तू कोरं आहेस का. एकदा त्यांना विचारलंस का?"

"कुणाला?"

"तुझ्या लाडक्यांना. माझं काहीच देऊ नकोस. ना प्रथिन, ना कोरं. वरच्या मजल्यावरचा थेंबही नको. तुझ्याच खोलीतलं साधं खाणं दे, आणि नेहमीपेक्षा जास्त उपाशी ठेव. बघ काय म्हणतात."

"मरतील गं त्या!"

"मरू देत," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिलाच हसू आलं. "अरे, मरायलाच हव्यात ना? तेच तर त्यांचं काम!"

हे त्याला मान्य करावं लागलं. पण मनात एक काटा होता, तो त्याने जिन्यात काढला नाही. संस्थेचा नियम असा, की पेशींचा एकच फ्लास्क वर्षानुवर्षं चालवायचा नाही. काही आठवडे झाले की जुन्या टाकून द्यायच्या आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या त्यांच्याच पूर्वजांची नवी कुपी काढून वाढवायची. त्याने कितीदा ती टाकी उघडली, थंडगार वाफ तोंडावर घेतली आणि झाकण परत लावलं. इतके दिवस पोसलेल्या, चांगल्या धडधाकट पेशी ब्लीच ओतून मारायच्या? हात धजायचा नाही. आपल्या हातची सवय झालीय त्यांना, असं म्हणायचा स्वतःशी. त्या फ्लास्कवर त्याने एक छोटी खूण केली होती, हसरा चेहरा.

त्याने पेशी धुतल्या, साध्या खाण्यात ठेवल्या आणि इन्क्युबेटरचं दार लावलं. दाराला पाठ टेकून जरा वेळ उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. खोलीत यंत्रांची मंद गुणगुण होती. फ्लास्क काढून मायक्रोस्कोपखाली ठेवताना त्याने डोळे मिटून घेतले होते. आता दिसतील सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या, एकट्या एकट्या पडलेल्या. माफ करा गं, असं काहीसं पुटपुटत त्याने डोळे उघडले.

पेशी जत्रेला जमल्यासारख्या जमल्या होत्या! गोल, चकचकीत, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून झुपके करून बसलेल्या. काही तर मधोमध आवळून दोन व्हायच्या बेतात. उपासाचा कुठे मागमूस नाही.

तो बघतच राहिला. पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते आनंदाचं नव्हतं आणि दुःखाचंही नव्हतं. जत्रेत पोर हरवलं म्हणून रडत शोधावं आणि ते पाळण्यात बसून हात हलवताना दिसावं, तसं काहीसं.

म्हणजे यांना माझी गरजच नव्हती. कधीपासून? कुणास ठाऊक! पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, त्यात कुणीतरी एक निघाली असेल प्रथिनावाचून जगायला शिकलेली. तिच्या लेकी, तिच्या नाती. हळूहळू सगळा फ्लास्क तिच्याच वंशाचा झाला. आणि हा अन्नदाता रजा मोडून येत होता, वाढत होता, झालं हं म्हणत होता. त्याही बिचाऱ्या वाढलेलं खात होत्या. नको कसं म्हणणार?

"कोरं कोरंच होतं," त्याने जिना चढून बायकोला सांगितलं. धाप लागली होती. "तुझी भांडी स्वच्छ आहेत. घाण माझ्या मायेत निघाली."

तिने हातातली नळी खाली ठेवली. एक मोठा श्वास घेतला. "हे लेखी दे," ती म्हणाली. "फ्रेम करून आईंच्या स्वयंपाकघरात लावते."

मॅडमना त्याने सगळं सांगितलं, टाकीचं झाकण आणि हसरा चेहरासुद्धा. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर उतरवला, म्हणजे राग गेला. "अहो अन्नदाते, पेशी पाळायच्या असतात, लाडावून ठेवायच्या नसतात. काढा नवी कुपी. तोवर मी गिऱ्हाइकांना थोपवते. आणि यापुढे जुन्या पेशी टाकायच्या वेळी तुमच्या बायकोला सोबत न्या, म्हणजे हात थरथरणार नाही."

त्याने नवी कुपी टाकीतून काढली, हाताच्या उबेत धरली. आतला बर्फ विरघळला आणि गोठून झोपलेल्या जुन्या पिढीने डोळे उघडले. पहिले काही दिवस त्या रुसल्यासारख्या बसून होत्या. मग हळूहळू खायला लागल्या, वाढायला लागल्या. आणि एकदा त्याने चुकून खाणं द्यायला उशीर केला, तर लगेच माना टाकायला लागल्या. त्याला इतकं बरं वाटलं! शिट्टी वाजवतच त्याने त्यांना वाढलं.

जुना फ्लास्क टाकायची वेळ आली तेव्हा बायको खरंच खाली आली. ब्लीचची बाटली तिने त्याच्या हातात दिली, स्वतः ओतली नाही. त्याने ओतलं. फ्लास्कमधलं मूळचंच गुलाबी खाणं बघता बघता रंग सोडून पाण्यासारखं झालं. हसऱ्या चेहऱ्याची खूण तिने ओल्या बोळ्याने पुसली आणि नव्या फ्लास्कवर पेनाने दुसरी काढली. हिचं तोंड उघडं होतं, भुकेलं.

मग ताटली भरायचा दिवस आला. बायकोचं प्रथिन, बायकोचं कोरं, त्याच्या उपाशी पेशी. रंग टाकला आणि इन्क्युबेटरचं दार लावून दोघं बाहेर बाकावर जाऊन बसली, दवाखान्यात बसतात तशी. मॅडम दोनदा उगाच तिथून गेल्या. शेवटी त्याने ताटली काढली आणि खिडकीजवळ उजेडात धरली.

डावीकडे जास्वंदीसारखं गुलाबी. मग वांग्याच्या फुलासारखं जांभळट. मग सांज. आणि उजवीकडे कोऱ्याच्या खळग्यांत निळंशार, कुठे एक ठिपका नाही.

बायकोने ताटली बघितली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. "पास का?" तिने विचारलं.

"पास!" तो म्हणाला. "पहिल्या नंबरात!"

त्या दिवशी दोघं घरी आली ती जिन्यावरूनच हसत. आई शेगडीपाशी होती. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

नदी गं धाकली डोंगर उतरते,
मागे ना बघते, पुढेच हसते.

"जेवलात का?" तिने न वळताच विचारलं.

"नाही!" दोघं एका सुरात ओरडली.

जेवताना त्याने सगळी कथा आईला सांगितली. प्रथिन काय, ताटली काय, जास्वंद काय. आईला प्रथिनाचं फारसं कळलं नाही, पण पेशींचं चांगलंच कळलं. वाढायचं सोडून ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत बसली.

"म्हणजे त्यांना नकोच होतं?"

"नकोच होतं गं. कधीचं नको होतं. पण मी आपला वाढतोय, वाढतोय. त्यांनी कधी सांगितलंच नाही."

"तू कधी विचारलं होतंस?"

"नाही ना! तेच तर हिचं म्हणणं."

सून हसली. आई हसली नाही. तिने डाव भांड्यात ठेवला, हात पुसले, आणि गल्लीच्या टोकाकडे बघायची तशी लांब कुठेतरी बघत राहिली.

"काय झालं, आई?" सुनेने विचारलं.

"मी एक सांगू? हसणार नसाल तर."

"सांगा की."

"मला ना," आई म्हणाली, आणि थांबली, आणि मग एका दमात म्हणून मोकळी झाली, "मला स्वयंपाक आवडत नाही. कधीच नाही आवडला. लग्नाआधी नाही, नंतर नाही, आत्ता तर मुळीच नाही."

सुनेचा घास हातातच राहिला. तो तर चावायचंच विसरला.

"मग इतकी वर्षं गाणी म्हणत करायचीस ते?"

"गाणी नसती म्हटली तर भांडी फेकली असती! नीट आठव, माझ्या एका तरी गाण्यात शेगडी आहे का? सगळी आपली नदी, वारा, पानं. जीव तिकडे पळायचा, हात इथे राहायचे."

"अहो आई, मग मला का नाही करू दिलंत?" सून कळवळून म्हणाली. "मला आवडतं हो! तुमचं स्वयंपाकघर, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मी बाहेरच..."

"अगं माझे बाई! आणि मी म्हणायचे, दमून येतेस, तुझ्या गळ्यात हा धोंडा कशाला!"

"पण आई," तो म्हणाला. त्याचं काहीतरी फार जुनं, पायाखालचं, हललं होतं. "दारात उभी राहून रोज हाक मारायचीस ना? जेवलास का रे?"

"मारायचे. तू हो म्हणावंस म्हणून मारायचे!" आईने कपाळावर हात मारला. "शिंपीणकाकू एवढी मायाळू बाई, कधीतरी घालेल पोराला चार घास, कधीतरी म्हणेल पोर हो. म्हणजे त्या दिवशी शेगडी पेटवायला नको, ओट्यावर बसून वारा खाईन. देवासारखी वाट बघायचे मी त्या 'हो'ची! आणि तू मेल्या, एक दिवस, एक दिवस तरी हो म्हणालास का?"

त्याने तोंडातला घास सावकाश गिळला. पाणी प्यायला. आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि लहानपणापासून पोटात ठेवलेलं शेवटी बाहेर काढलं.

"आई, मी रोज काकूंकडून जेवूनच यायचो गं."